रविवार न चुकवणारी बाई आळशी कशी?

पत्राचा सारांश

ठाण्याच्या वसंत विहार भागातून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून थोडक्यात देते. वय ४२. मुंबईत एका विमा कंपनीत नोकरी. बुधवारी घरून काम, बाकी दिवस ठाणे स्टेशन आणि लोकल. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर चालायला सुरुवात केली, चालण्याचं पळणं झालं, यंदा पावसाळ्यात १० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली आणि त्या भरात जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या हाफला, म्हणजे २१ किलोमीटरला, नाव घातलं. सप्टेंबरअखेरीस फोनवरच्या एका ॲपमधला १६ आठवड्यांचा प्लॅन सुरू केला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार असे चार दिवस पळायचं. दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळं पाळलं, मग गाडी घसरली. त्यांच्याच शब्दांत:

“गजर पावणेपाचचा लावते. उठतेही. हॉलमध्ये दिवाणावर बसून एक बूट घालते. मग फोन हातात येतो, पायावर शाल येते आणि सहाला सासूबाई उठतात तेव्हा मी एका पायात बूट घालून तिथेच झोपलेली असते. रविवारचं तेवढं होतं, मैत्रिणी असतात म्हणून. आठवड्यातलं काहीच होत नाही. ग्रुपवर सगळ्यांचे आकडे पडत असतात. थंडी सुरू झाली की मी आळशी होते, हे दरवर्षीचंच आहे. प्रेरणा टिकवायची कशी? की सरळ नाव मागे घेऊ?”

उत्तर

मैत्रिणी,

तुमच्या पूर्ण पत्रात स्वतःला आळशी म्हणून बरंच झोडपलेलं आहे. रविवारचा उल्लेख मात्र जाता जाता, ‘तेवढं होतं’ असा. मी पत्र पुन्हा वाचलं ते त्या ओळीसाठी. दिवाळीपासून एकही रविवार बुडालेला नाही, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. नणंदेकडच्या हळदीला रात्री बारापर्यंत जागलात आणि तरी सकाळी उपवन तलावावर हजर झालात. १४ किलोमीटर पळून, टपरीवर पोहे खाऊन, घरी येऊन पुन्हा लग्नाला गेलात. आता मला सांगा, रविवारी थंडी नसते का? की तुमचा आळस रविवारची साप्ताहिक सुट्टी घेतो?

दर डिसेंबरात या सदराकडे थंडीतल्या व्यायामाची पत्रं येतात, आणि बहुतेकांना हवं असतं ते एखादं जोशपूर्ण वाक्य, भिंतीवर चिकटवायला. तुम्हाला ते देणार नाही, कारण तुमचं दुखणं ते नाहीच. ज्या बाईला १४ किलोमीटर पळवतं तिला प्रेरणेचं टॉनिक कशाला? रविवारी काय असतं आणि मंगळवारी काय नसतं, एवढंच शोधायचं आहे.

रविवारी गेटवर मैत्रिणी उभ्या असतात. तुम्ही गेला नाहीत तर फोन येतो. निघता सव्वासहाला, म्हणजे थोड्याच वेळात उजाडायला लागतं. डब्याची घाई नाही. पळताना बोलणं चालतं, त्यामुळे वेगही आपोआप बेताचा राहतो. आणि मंगळवारी? एकटीने, मिट्ट काळोखात, घड्याळातून बोलणाऱ्या बाईच्या हुकमावर जोरात पळा, हळू पळा, जोरात पळा. आणि सहाच्या आत घरात, कारण मुलाचा डबा पावणेसातला तयार हवा. मी तुमच्या जागी असते तर मीही दुसरा बूट घातला नसता.

आधी थंडीचं बघू, कारण सगळा आळ तिच्यावर घेतलात. ठाण्याची थंडी ती केवढी! डिसेंबरच्या पहाटे १६-१८ अंश असले तरी आपण कपाटातले स्वेटर काढतो. लांब पळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र वर्षातला हाच सुगीचा काळ. साधारण १० ते १५ अंशांत लांबचं पळणं सगळ्यात चांगलं होतं, आणि आपण त्याच्या सर्वांत जवळ जातो ते याच दोन महिन्यांत. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी ठेवतात ती उगाच नाही. तुम्ही ऑक्टोबर हीटमध्ये, घामाने निथळत, प्लॅन पाळलात. त्या मानाने आताची हवा म्हणजे पर्वणी.

फोनवर ‘हिवाळ्यात पळणं कसं चालू ठेवावं’ असं शोधलं की जे लेख येतात ते बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. तिथे हिवाळा म्हणजे अडथळा, मोठ्या शर्यती पुढे वसंतात. आपलं उलट आहे. आपला हंगामच आत्ता. ते लेख वाचून आपल्यालाही वाटायला लागतं की हिवाळा ही सोसायची गोष्ट आहे. आपल्याकडे सोसायचं असतं ते वेगळंच: अंधार, धूळ आणि लग्नं.

अंधाराचं गणित बघा. प्लॅन सुरू केलात तेव्हा सूर्य साडेसहाच्या आसपास उगवत होता. सव्वापाचला निघालात तरी परतताना फटफटलेलं असायचं. आता सूर्योदय सातच्या पुढे गेलाय. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो म्हणून सकाळीही लवकर उजाडेल, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने. आपल्याकडे सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या सुमाराला. म्हणजे तुमच्या शर्यतीपर्यंत सकाळ उजळण्याची आशा नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, त्यामुळे पावणेपाचला तुमच्या अंगाच्या हिशेबाने अजून मध्यरात्रच असते.

त्यात तुम्ही झोपता कधी? पत्रात आहे की मुलगा बारापर्यंत अभ्यास करतो आणि त्याला सोबत म्हणून तुम्हीही बसता. बारा ते पावणेपाच. पाच तासही नाहीत. दिवाणावर डोळा लागतो तो आळसाने नव्हे, झोपेच्या थकबाकीने. पळण्याने स्नायूंची जी झीज होते ती झोपेत भरून निघते. पाच तासांच्या झोपेवर आठवड्यातून चार दिवस पळत राहिला असतात तर आज हे पत्र गुडघ्याबद्दल आलं असतं. दहावीच्या मुलाला पाणी, दूध आणि शांतता लागते, समोर पेंगणारी आई नाही. अकराला झोपायला जा. तो जागू दे.

आता प्लॅनकडे येते. तयार ब्लाऊज विकत आणला तर आपण बाह्या उसवतो, कंबरेत घेतो, मग घालतो. ॲपवरचा प्लॅन मात्र तुम्ही आहे तसा अंगावर चढवलात आणि बसेना तेव्हा अंगालाच दोष दिलात. तुम्ही बुधवारी घरून काम करता. मुलगा पावणेसातला घराबाहेर पडतो, ऑफिसचं काम साडेनऊला सुरू होतं. बुधवारी सात ते आठ हा उजेडातला अख्खा तास तुमच्याकडे आहे. तरी तुम्ही मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे झगडताय, कारण ॲपमध्ये मंगळवार आणि गुरुवार लिहिलंय. ॲपला तुमचा डबा माहीत नाही आणि लोकलही माहीत नाही.

चारऐवजी तीन दिवस करा. रविवारचं लांबचं पळणं हा तुमच्या तयारीचा कणा आहे आणि तो शाबूत आहे, त्याला हात लावू नका. बुधवारी सकाळी सातनंतर जरा जोर लावायचं पळणं: १० मिनिटं हळू, मग मधली २० मिनिटं अशा वेगाने की तुटक शब्द बोलता यावेत पण गप्पा मारता येऊ नयेत, मग पुन्हा १० मिनिटं हळू. घड्याळातले ४०० मीटरचे जोरात-हळू टप्पे सोडून द्या. पहिल्या हाफला त्यांच्यावाचून काही अडत नाही. तिसरा दिवस शनिवार, उजाडल्यावर, पाच किलोमीटर, अगदी आरामात. शनिवारी लग्न असेल (मार्गशीर्षात ते असणारच) तर शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर अर्धा तास. ट्रेडमिल कंटाळवाणी असते, मान्य. पण तिला अंधार, कुत्रे आणि धूळ नसते. एक टक्का चढ लावून ठेवा. मंगळवारी-गुरुवारी पहाटेचा गजर नाही. गुरुवारी घरात महालक्ष्मीचं व्रत असल्याचं तुम्हीच लिहिलंय. उपासाच्या दिवशी पहाटे जोरात पळण्याचा बेत मुळातच विचित्र होता.

‘पहाटे उठायचीच सवय हवी, शर्यत पहाटे असते’ असं तुमच्या ग्रुपमधलं कोणी म्हणेल. खरं आहे, हाफ माहीमहून अंधारातच सुटते. त्यासाठी उरलेल्यांपैकी दोन रविवारी सगळ्या मिळून सव्वापाचला निघा. पोट साफ होणं, आधी काय खाल्लं तर चालतं, अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो, हे तेवढ्यात कळतं. त्यापायी रोजची झोप मोडायला नको.

बुडालेल्या दिवसांची भरपाई करू नका. हे जरा ठासून सांगते, कारण पत्रात तुम्ही विचारलंय की राहिलेले सगळे किलोमीटर नाताळच्या सुट्टीत काढले तर चालेल का. नाही चालणार. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोटऱ्या आणि नडग्या धरून बसलेली मंडळी अशीच तयार होतात. तशी गरजही नाही. आठ-दहा दिवस अजिबात पळालं नाही तरी कमावलेला दम फारसा जात नाही. घट जाणवायला लागते ती दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर. तुम्ही तर दर रविवारी पळताय. ‘सगळं वाया गेलं’ ही भीती तुमच्या ॲपमधल्या, बुडालेल्या दिवसांच्या लाल चौकोनांनी घातलेली आहे. तुमच्या पायांना त्यातलं काही माहीत नाही.

त्या लाल चौकोनांचा आणि ग्रुपवरच्या आकड्यांचा उपाय सोपा आहे. ॲपच्या सूचना बंद करा. सोसायटीचा ग्रुप शर्यत होईपर्यंत म्यूट करा. रविवारी कुठे भेटायचं ते कळण्यासाठी एका मैत्रिणीचा फोन नंबर पुरतो. पहाटे पाच दहाला कोणीतरी ८ किलोमीटरचा स्क्रीनशॉट टाकतं आणि दिवाणावर शाल पांघरून बसलेली बाई तो बघते. याने आजवर कोणाचा दुसरा बूट चढलेला मी तरी ऐकला नाही.

सवयीबद्दलही एक गैरसमज आहे, २१ दिवसांचा. २१ दिवस सलग केलं की सवय लागते आणि एक दिवस चुकला की पहिल्यापासून सुरुवात, असं आपल्याला कोणीकोणी सांगत असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा एक मंगळवार बुडाला म्हणून गुरुवारही सोडून देणं, हे जे तुमचं झालं, ते टाळता आलं तरी पुष्कळ.

घरातल्या माणसांबद्दल तुम्ही मोजकंच लिहिलंय. ‘नवरा मदत करतो, भाजी चिरून देतो.’ छान आहे. पण कुठली भाजी, किती, कणीक मळली का, दूध तापलं का, हे सगळं तुमच्याच डोक्यात चालू असतं; तुम्ही घराबाहेर पडलात तरी ते डोकं घरातच राहतं. म्हणून त्यांना चिरायला सांगू नका. बुधवारची आणि शनिवारची सकाळ पूर्ण त्यांच्याकडे द्या. चहा, सासूबाईंचा नाश्ता, गोळ्या, दूधवाला, कामवाल्या मावशींना दार उघडणं, सगळं. सासूबाईंचे पोहे एखाद्या बुधवारी कोरडे होतील. होऊ देत. परत आल्यावर त्यावर काही बोलायचं नाही, हे पथ्य मात्र तुम्हालाच पाळावं लागेल आणि ते पळण्यापेक्षा अवघड आहे.

सासूबाई म्हणतात, ‘गार हवा छातीत भरेल.’ तुम्ही हे हसण्यावारी नेलंय. गार हवेने निरोगी माणसाला काही होत नाही, हे खरं. पण छातीबद्दल त्या म्हणतात त्यात तथ्य आहे, कारण वेगळं आहे इतकंच. हिवाळ्यात वारा मंदावतो, आणि रात्री जमीन थंड झाली की तिच्यालगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते. दिवसभराची धूळ आणि धूर तिथेच साचून राहतो. म्हणून पहाटेची हवा शुद्ध असते हा आपला समज डिसेंबर-जानेवारीत दरवेळी खरा ठरत नाही. ऊन वर आलं की हा थर विस्कटतो. पळताना आपण कितीतरी पट जास्त हवा आत घेतो, तीही तोंडाने. घोडबंदर रोडला मेट्रोची आणि इमारतींची कामं, डंपर आणि त्यांची धूळ. तिकडे या दिवसांत पळू नका, सेवारस्त्याने तर नाहीच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप आहे, त्यात जवळच्या केंद्राचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, दिसतो. निघण्याआधी बघायची सवय लावून घ्या. १०० च्या आत असेल तर निर्धास्त जा. १०० ते २०० मध्ये पळणं हळू ठेवा. दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. २०० च्या वर ‘खराब’ हा वर्ग लागतो, त्या दिवशी बाहेरचं पळणं रद्द करून ट्रेडमिल किंवा घरातल्या घरात ताकदीचे व्यायाम: खुर्चीवर बसल्यासारख्या बैठका, पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली करणं, भिंतीला पाठ लावून बसणं. २० मिनिटं पुरे. बुधवारी सातनंतर पळायचं म्हटलं त्यामागे हेही एक कारण आहे.

जागेचं म्हणाल तर तुमच्या भागात उपवन तलावाचा परिसर आहे, पोखरण रोडच्या आतल्या शांत गल्ल्या आहेत. ठाण्यातल्या इतरांना हिरानंदानी इस्टेटचे आतले रस्ते, कोलशेतचं मोठं उद्यान, नौपाडा-पाचपाखाडीकरांना कचराळी तलाव. कचराळीला फेऱ्या मोजून वैताग येतो, पण बायकांना एकटीने पळायला ती जागा सोयीची, माणसांची जाग असते. येऊरला उजाडल्याशिवाय चढू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचं घर आहे आणि पहाटेचा अंधार ही त्यांची वेळ. नवी मुंबईकरांची पत्रंही बरीच असतात: पाम बीच रोड दिसायला कितीही देखणा असला तरी पहाटे तिथे गाड्या सुसाट असतात, तेव्हा रस्त्यावर उतरण्यापेक्षा नेरुळचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यान, वाशीचा मिनी सी-शोर, खारघरचं सेंट्रल पार्क बरं. नेरुळवाल्यांना या दिवसांत खाडीकाठच्या पाणथळीत फ्लेमिंगो दिसतात, हा त्यांचा जादा बोनस. आम्हा ठाणेकरांना तेवढं नशीब नाही.

अंधारात निघावंच लागलं तर समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून पळा, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट घाला, दोन्ही कानांत गाणी नकोत. कुत्री मागे लागली तर पळणं थांबवून चालायला लागा. अंगात एक पातळ पूर्ण बाह्यांचा टीशर्ट पुरतो. स्वेटर घालून निघणारे पहिल्या दोन किलोमीटरांतच तो कमरेला बांधतात. थंडीत तहान कमी लागते, घाम मात्र जातच असतो, म्हणून पाणी आठवणीने प्या.

आता जरा तुमच्यापेक्षा वेगळ्या वाचकांसाठी. ज्यांचा रविवारही बुडतो, मैत्रिणी गेटवर उभ्या असूनही खाली उतरावंसं वाटत नाही, त्यांनी वेळापत्रक बदलण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, ही शर्यत आपल्याला हवी होती का? ऑफिसातल्या सगळ्यांनी नाव घातलं म्हणून घातलं असेल, तर सोडून देण्यात काही लाज नाही. नोंदणीचे पैसे गेले ते गेलेच, त्यापायी गुडघे घालवू नयेत. दुसरी गोष्ट रक्ताची. सतत थकवा, जिना चढताना धाप, केस गळणं, झोपूनही न गेलेला शीण असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे स्वतःला आळशी म्हणवून घेणाऱ्या कितीतरी जणींच्या अंगात नुसतं लोह कमी असेल. तुम्हीही चाळिशी ओलांडलीय, एकदा तपासणी करून घ्याच. आणि जेवणावर लगेच चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला, चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

दिवसभर बैठं काम आणि पहाट कुठल्याच वारी मोकळी नाही, असेही वाचक आहेत. त्यांनी संध्याकाळ वाईट मानू नये. ऑफिसातून येताना बूट पिशवीत ठेवावेत आणि घराचा दरवाजा उघडण्याआधीच सोसायटीच्या आवारात अर्धा तास पळून घ्यावं. एकदा घरात शिरून हातपाय धुतले की पुन्हा खाली उतरवत नाही.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न: नाव मागे घेऊ का? आज ठरवू नका. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी १६ किलोमीटर पळा, नेहमीच्या गप्पांच्या वेगाने. मध्ये दोन-तीन ठिकाणी मिनिटभर चालावं लागलं तरी ते पळणंच धरायचं. ते जमलं तर तुम्ही शर्यतीला जाताय. जानेवारीच्या पहिल्या रविवारी १७-१८, त्याहून जास्त नको. सरावात २१ पूर्ण पळायची काहीच गरज नसते, उरलेले तीन किलोमीटर गर्दी आणि बँडवाले पळवून नेतात. दुसऱ्या रविवारी फक्त १०, आणि शेवटचा आठवडा जवळजवळ विश्रांतीचा. त्या आठवड्यात पाय शिवशिवतात, उगाच काहीतरी दुखतंय असं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं.

डिसेंबरातले १६ नाही जमले तरी नाव मागे घेण्याआधी चालत-पळत जाण्याचा विचार करा: चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालायला लागणं वेगळं, हे आधी ठरवून केलेलं असतं. अशाने हाफ पूर्ण करणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या पुष्कळ बायका आहेत. शर्यतीला वेळमर्यादा असते, ती नोंदणीच्या माहितीत बघून रविवारच्या तुमच्या वेगाशी ताडून घ्या. अगदीच गणित बसत नसेल तर यंदा मैत्रिणींना टाळ्या वाजवायला जा आणि पुढच्या वर्षासाठी बुधवारपासून सुरुवात करा, मंगळवारपासून नको.

आणि हो, संक्रांत नेमकी शर्यतीच्या तोंडावर येते. गुळपोळी संक्रांतीलाच खाऊन घ्या, उरलेल्या डब्यात बंद करून सासूबाईंच्या ताब्यात द्या. शनिवारी रात्री वरणभात. आदल्या रात्री साजूक तुपासकट दोन गुळपोळ्या खाऊन पहाटे शर्यतीच्या वाटेवरच्या सी-लिंकवर चढलेल्यांची पत्रंही माझ्याकडे आहेत, पण ती या सदरात छापता येण्यासारखी नाहीत.